रडणाऱ्याला जवळ करणारा देव

श्रोतेहो, नमस्कार.

मन खचले, दुखावले किंवा घरातल्या एखाद्या मृत्यूने ओके-बोके झाले, तर ख्रिस्ती श्रद्धा माणसाला नेमके काय देते, याविषयी आज मी बोलणार आहे. कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरभेटीचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. ज्या घरात दुःख शिरले आहे त्या घरी आम्ही दोघी-तिघी जातो, बसतो, वचन वाचतो आणि प्रार्थना करून उठतो. या कामातून जे माझ्या मनावर ठसले, ते आधीच सांगून टाकते. दुःखी माणसाला सर्वांत आधी हवी असते ती मोकळेपणी रडण्याची मुभा, आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ती मुभा आपण समजतो त्याहून कितीतरी उदारपणे देते. श्रद्धेतला आनंदही त्याच वाटेने येतो. ती वाट चुकवून आणलेला आनंद ओठांवर दिसतो, पण काळजापर्यंत पोचत नाही.

हे सांगण्याची गरज वाटते, कारण आपल्या घरांतून आणि मंडळ्यांतूनही दुःखी माणसाला फार लवकर गप्प केले जाते. "रडू नका, तो आता प्रभूजवळ आहे," "देवाची इच्छा, आपण काय बोलणार," "विश्वास धरा, सगळे ठीक होईल," अशी वाक्ये आपण प्रेमानेच बोलतो. त्यांतले पहिले वाक्य तर आमच्या श्रद्धेचा गाभाच आहे. परंतु हीच वाक्ये दफनविधी उरकून घरी आलेल्या आईच्या कानांवर घाईने घातली की ती त्यातून एवढेच ऐकते की तिचे अश्रू देवाला आवडत नाहीत.

अशा एका आईच्या घरी मी काही महिने जात होते. तरुण मुलगा अपघातात गेलेला. तिसऱ्याच रविवारी ती उपासनेला आली, गायकवृंदात आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली आणि कोरड्या डोळ्यांनी सगळी गीते गायली. बाहेर पडताना जो तो तिच्या खंबीरपणाचे कौतुक करत होता. पुढे तिची झोप गेली, जेवण तुटले, आणि कोणी मुलाचा विषय काढला की ती उठून आत जाऊ लागली. एके दुपारी ती स्वयंपाकघरात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती आणि मी शेजारी पाटावर बसले होते. मी काही न सुचवता बायबलमधल्या स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातले तेरावे स्तोत्र वाचले. त्याच्या पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता देवाला एकच प्रश्न चार वेळा विचारतो: कोठवर? तू मला कोठवर विसरणार, आपले मुख माझ्यापासून कोठवर लपवणार? तिचा हात सुपातच थांबला. "हे शास्त्रात आहे?" असे तिने विचारले. मी पान तिच्यापुढे धरले. तिने बोट ठेवून ते स्वतः वाचले, पुन्हा वाचले, आणि मग ती जी रडली ती दिवेलागणीपर्यंत रडत राहिली. मी त्या दिवशी एका शब्दानेही उपदेश केला नाही. चुलीवरचा चहा मात्र दोनदा तापवावा लागला.

स्तोत्रसंहितेत एकशेपन्नास स्तोत्रे आहेत आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. देवाची स्तुती करण्यासाठी जो ग्रंथ हजारो वर्षे गायला गेला, त्यात तक्रारीला एवढी जागा असावी, ही गोष्ट मला अतिशय मोलाची वाटते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. तेरावेही वळते. पण अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात जसेच्या तसे ठेवलेले आहे. ज्याला आज आशेचा एक शब्दही उच्चारवत नाही, त्यालाही प्रार्थना करता यावी म्हणून ते तिथे आहे, असे मी मानते. अंधारात का होईना, तो माणूस देवाशी बोलतो आहे, आणि देवाने त्याचे बोलणे तोडलेले नाही.

संतांच्या वाणीवर वाढलेल्या मराठी मनाला हे परके वाटण्याचे कारण नाही. देवाशी हक्काने भांडणारे तुकोबा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्ताजवळ आलो असे सांगत. त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन मराठी मंडळीत रुजवले, त्यामुळे आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर भजन होते आणि दुखावलेल्या माणसाला आपल्याच भाषेच्या लयीत देवापुढे मन मोकळे करता येते. परक्या चालीवर कोणाला रडता येते का, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे.

आता प्रभू येशूकडे पाहू. मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी तो आला तेव्हा लाजराला आपण उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते. तरी योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, लिहिले आहे: "येशू रडला." पुढे काय होणार हे माहीत असूनही तो लाजराची बहीण मरीया हिच्या आणि तिच्यासोबतच्या लोकांच्या अश्रूंत सामील झाला. पकडले जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने आपल्या मित्रांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही येथे राहा व माझ्याबरोबर जागे असा. ते झोपले. आणि वधस्तंभावर तर त्याने बाविसाव्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ख्रिस्ती माणसाच्या सांत्वनाचे मूळ इथे आहे. ज्याची आपण प्रार्थना करतो, त्याने स्वतः हा प्रश्न विचारलेला आहे. तेव्हा आपण तो विचारला तर तो आपल्याला परके करील, ही भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याने सामुदायिक दुःखही पाहिले आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांच्या वर गेले, चिखली-आंबेवाडीसारखी गावे वेढली गेली, शिरोळ तालुक्यात घरेच्या घरे बुडाली, महामार्ग बंद पडला. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर मदत आली, पंचनामे झाले, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. पण गोठ्यात बांधलेली जनावरे सोडवता आली नाहीत म्हणून आतल्या आत झुरणारा शेतकरी कोणत्या पंचनाम्यात बसणार? बायबलच्या जुन्या करारात यरुशलेम शहराच्या विध्वंसावर रचलेले विलापगीत नावाचे एक संपूर्ण पुस्तक आहे. एका शहराने आपले दुःख पाच अध्यायांत, नावनिशीवार, देवापुढे मांडले आहे. पुरानंतरच्या प्रार्थनासभांतून आम्ही ते वाचले, तेव्हा लोक आपापल्या घरातले काय काय वाहून गेले ते मोठ्याने सांगू लागले. कोणाचे लग्नातले फोटो, कोणाची दुभती म्हैस, कोणाच्या वडिलांच्या हाताची बायबलची प्रत. ती सभा लांबली, आणि लांबली ते बरे झाले.

मनाची जखम भरायला वेळ लागतो, याचे पंडिता रमाबाईंइतके ठळक उदाहरण मला आपल्या मराठी इतिहासात दुसरे दिसत नाही. 1858 साली जन्मलेल्या या विदुषीने दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती. पदरी लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल की इथे त्यांचे मन शांत झाले असेल. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी स्वतः प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ज्या अंतःकरणाच्या विसाव्याविषयी त्या बोलतात, तो त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभला. एवढ्या बुद्धिमान, एवढ्या प्रामाणिक स्त्रीला एवढा काळ लागला, मग आपण शेजारणीला तीन आठवड्यांत सावरायला कोणत्या तोंडाने सांगतो?

आणि तो विसावा मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना त्यांनी आपल्या छायेखाली आणले आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. भुकेने आपली माणसे जाताना पाहिलेल्या या बाईला त्या मुलींच्या डोळ्यांतले काय ते सांगावे लागले नसणार. आयुष्याच्या अखेरीस, 1921 मध्ये, मनोरमाही त्यांच्या आधी गेली, तरी मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी 1922 मधल्या स्वतःच्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. दुःख त्यांना शेवटपर्यंत भेटत राहिले. ज्याच्या आधाराने त्या उभ्या होत्या, तो आधार मात्र डळमळला नाही.

इथे एका गोष्टीविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. श्रद्धेने मन बरे होते याचा अर्थ डॉक्टरांकडे जाऊ नये असा कोणी काढत असेल, तर तो शास्त्राला धरून नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. बोलणे नंतर, होरेब डोंगरावर. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा उल्लेख येशूचा प्रेषित पौल "प्रिय वैद्य" असा करतो. आपल्या शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय उभारले, तेव्हा प्रार्थना आणि शस्त्रक्रिया एकाच छपराखाली सुखाने नांदल्या. म्हणून आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच जीव रमत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि त्यांनी दिलेल्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. गोळी घेणाऱ्याचा विश्वास कमी असतो, हे वाक्य आपल्या मंडळ्यांतून कायमचे हद्दपार व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग आनंदाचे काय? "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा," असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो, आणि लिहितो तो बंदिवासातून. त्याच फिलिप्पै गावच्या तुरुंगात, फटके खाऊन, पाय खोड्यांत अडकवलेले असताना तो आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गीते गात होते. पाठीवरचे वळ ताजे होते आणि गीतही खरे होते. ख्रिस्ती आनंद परिस्थिती सुधारण्याची वाट पाहत बसत नाही, कारण तो येशूच्या पुनरुत्थानावर, त्याच्या मरणातून उठण्यावर, उभा आहे, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीवर. आणि पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. मृत्यूला जिंकलेल्या देहावरही देवाने ते व्रण पुसून टाकले नाहीत. तेव्हा बरे होणे म्हणजे गेलेल्याला विसरणे, अशी धास्ती कोणी घेऊ नये.

ही धास्ती फार जणांना असते. मघाशी जिच्याविषयी सांगितले, ती आई पुढे एकदा नाताळच्या करंज्या करताना नणंदेच्या कोणत्याशा बोलण्यावर खळखळून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून कावरीबावरी झाली. मुलगा नसताना आपण हसलो, हा तिला अपराध वाटला. नणंद मोठी समजूतदार. ती म्हणाली, "वहिनी, तो असता तर आपल्या आधी हसला असता." मग दोघींनी त्याच्या खोड्या आठवत उरलेल्या करंज्या केल्या, थोडे हसत, थोडे रडत. मी ज्याला सांत्वन म्हणते ते हेच.

श्रोतेहो, आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारीपाजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. कोल्हापुरात हा डबा आणणारा हात कोणत्या धर्माचा आहे हे कोणी पाहत नाही, आणि आमच्या ख्रिस्ती घरांनीही तो आजवर कृतज्ञतेने घेतला आहे. पण पहिल्या काही दिवसांनंतर येणारी पावले थांबतात. म्हणून एवढेच मागते, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या घरी पुन्हा जा. बायबलमध्ये मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाची कथा आहे. त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता जमिनीवर बसून राहिले तोवर ते त्याचे खरे सोबती होते. बिघडले ते त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली तेव्हा. तसे बसा. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला बिचकू नका, कारण ते नाव पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकायला ते घर आसुसलेले असते. आणि आज जे स्वतः दुःखात आहेत, त्यांनी रात्री तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. सहाच वचने आहेत. शेवटची दोन वाचता आली नाहीत तर चौथ्यापाशी थांबावे. उरलेली दुसऱ्या दिवशीही तिथेच असतील.

नमस्कार.