इंधनाची टाकी आणि बेळगावची हवा

मंडळी, मला विषय दिलाय घरी विमान बांधण्याचा. सगळं विमान एका संध्याकाळी सांगून व्हायचं नाही, म्हणून मी फक्त टाकीवर बोलणार आहे, आणि त्यातही टाकीच्या जोडांत भरायच्या सीलंटवर. समोर आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली बरीच माणसं दिसतायत. गॅस्केट, ओ-रिंग, हायड्रॉलिकची गळती हे तुमचं रोजचंच. हत्तरगीला तर मोठ्या विमानांचे भाग बनतात. त्यामुळे हे काम बेळगावच्या हाताला जड जाणार नाही. हवेचं मात्र सांगवत नाही.

आधी टाकी म्हणजे काय ते बघू. व्हॅन्स कंपनीची आरव्ही विमानं जगभर हौशी लोक घरी बांधतात. त्यांत पंखाची पुढची कडा हीच टाकी असते. पत्रा, आतल्या फासळ्या आणि मागून बंद करणारी पत्र्याची भिंत, म्हणजे बॅफल. आरव्ही-७ च्या एका पंखात २१ गॅलन, म्हणजे ८० लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं. तुम्ही लगेच विचारणार, वेल्डिंग का नाही करायचं? हा पत्रा २०२४ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची ताकद जाते आणि तडे पडतात. म्हणून रिवेट. एका टाकीत शेकडो रिवेट, आणि प्रत्येक रिवेटसाठी आपणच टाकीला पाडलेलं एक भोक. ती सगळी भोकं बुजवायची जबाबदारी या काळ्या चिकट मालावर.

हा माल म्हणजे पॉलिसल्फाइड रबर. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक हा माणूस गाडीच्या रेडिएटरसाठी अँटिफ्रीझ बनवायला बसला होता. हाती लागला घाण वासाचा एक डिंक, जो कशातच विरघळेना. त्याचीच पुढची पिढी आपल्या डब्यात असते. वास अजून गेलेला नाही, घरचे बोलणारच.

डब्यात दोन भाग येतात. पांढुरका बेस आणि तो घट्ट करणारा काळा अ‍ॅक्सिलरेटर, ज्यात मँगनीज डायऑक्साइड असतो. प्रमाण १० ला १, आणि तेही वजनाने. चमच्याने मोजू नका, दोन्हींची घनता वेगळी. सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. ५० ग्रॅम बेसला ५ ग्रॅम काळा. पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटायचं, कपाच्या कडा आणि तळ खरवडून घ्यायचा. एका वेळी कप भरून कालवू नका, निम्मा वाया जातो आणि हा माल स्वस्त नाही.

आता डब्यावरचा आकडा. बी-२ असं लिहिलेलं असतं. ए म्हणजे ब्रशने लावायचा पातळ, बी म्हणजे श्रीखंडासारखा घट्ट, लावला तिथे राहणारा. २ म्हणजे कालवल्यापासून २ तास काम करता येतं. पण हे २ तास कुठले? २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीतले. ढोबळ हिशेब असा की तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की वेळ निम्मा होतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३६ अंश असेल, तर २ तासांचा झाला अर्धा तास. तेवढ्यात एक फासळी माल लावून, बसवून, रिवेट ठोकून होईल का? मदतीला पोरगा असला तरी अवघड. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे.

पावसाळ्याबद्दल लोकांचा अंदाज चुकतो. जुलैत आपल्याकडे हवा गार असते, त्यामुळे माल सावकाश बसेल असं वाटतं. पण हा माल दमट हवेतही लवकर घट्ट होतो. घाटाकडे, खानापूर-जांबोटीच्या पावसाळी बाजूला शेड असेल तर गारव्याने दिलेला वेळ ओलावा परत काढून घेतो. शिवाय गार पत्र्यावर बाष्प धरतं आणि त्यावर सीलंट चिकटत नाही. माझ्या मते आपल्या भागात या कामाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, घाई नाही. पूर्ण पक्कं व्हायला मात्र त्या दिवसांत जास्त वाट बघायची. एरवी ३ दिवसांत होणारं काम आठवडाभर सोडा की, काय बिघडतं?

खरं काम डबा उघडायच्या आधीचं असतं. प्रत्येक जोडाची पट्टी मरून रंगाच्या स्कॉचब्राइट घासणीने खरडायची, चमक पूर्ण जायला हवी. मग एमईके या झटकन उडणाऱ्या सॉल्व्हंटने पुसायची, दोन फडकी घेऊन. एक ओलं, दुसरं कोरडं. ओल्याने मळ सुटतो, आणि एमईके उडून जायच्या आत कोरड्याने टिपला नाही तर तोच मळ परत पत्र्यावर बसतो. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. हातमोज्यांचं एक लक्षात ठेवा. दुकानातले निळे नायट्राइल मोजे सीलंटला चालतात, पण एमईके त्यांतून लवकर आरपार जातो. पुसताना ब्युटाइलचे वापरा. शेडची दारं उघडी, आणि जवळपास वेल्डिंग-ग्राइंडिंग अजिबात नको. एमईकेची वाफ पेट घेते.

लावताना दोन गोष्टी होतात. जोडाच्या मध्ये पातळ थर, जो रिवेट ठोकल्यावर कडेने थोडा बाहेर यायला हवा. नाही आला तर माल कमी पडला समजा. मग आतल्या बाजूला फासळीच्या कडेने गोलसर पट्टी, आणि रिवेटच्या प्रत्येक ठोकलेल्या डोक्यावर टोपी. आइस्क्रीमची काडी याला उत्तम. सर्वांत शेवटी बॅफल. ते बसवल्यावर आतले कोपरे दिसत नाहीत, हात पोचत नाही. म्हणून फासळी, पत्रा आणि बॅफल जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांत हात आखडू नका. टाकी गळते ती बहुतेक तिथेच.

आता चाचणी. इथे उद्यमबागेच्या मंडळींना हात जोडून विनंती, कॉम्प्रेसरची नळी लावू नका! चाचणीला १ पीएसआय दाब पुरतो, म्हणजे पाण्याचा ७० सेंटिमीटरचा स्तंभ, ऐकायला किरकोळ. पण एक चौरस मीटर पत्र्यावर तो दाब ७०० किलोंचा भार टाकतो. कॉम्प्रेसरने त्याहून जास्त भरलंत तर टाकी फुगून जोड उसवेल. पारदर्शक नळी वाकवून पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची नळी, करा, नाहीतर टाकीच्या व्हेंटला, म्हणजे हवेच्या नळीला, फुगा बांधा, आणि जोडांवर साबणाचं पाणी. रात्री पातळी उतरली म्हणून घाबरू नका. टाकीतली हवा १० अंशांनी थंड झाली तर गळती नसतानाही ७० चे ३५ सेंटिमीटर होतात. पहिल्या मोजणीच्या वेळी होतं त्याच तापमानाला परत मोजा.

गळतीवर बाहेरून थापून भागत नाही. आतलं पेट्रोल त्या थराला बाहेर ढकलत राहतं. झाकण काढून आतून, जुना थर खरडून-पुसून, नवा लावायचा. विमानाच्या १०० एलएल पेट्रोलला निळा रंग असतो. तो वाळून राहतो, त्यामुळे कुठून झिरपतंय ते शोधायला सोपं जातं.

पूर्वी टाकी झाल्यावर आत पातळ लेप ओतून घोळवायची पद्धत होती. काही टाक्यांत तो लेप सुटून त्याचे पापुद्रे इंधनाच्या वाटेत अडकले. आता नव्या टाकीत तो कुणी घालू नये.

मागून एका दादांनी विचारलं, हार्डवेअरमधलं सिलिकॉन का नाही? पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि सुटतं. बाथरूमला छान आहे.

दुसरी चिठ्ठी, मुदत संपलेल्या डब्याचं काय? टाकीला नाही. त्यावर हात बसवा, दोन टाकाऊ पट्ट्या रिवेट करून मग उलगडून बघा, थर कुठे तुटलाय. आणि चालू डब्याचं प्रत्येक कालवण कपात थोडं उरवा, कपावर तारीख लिहा. टाकीतला माल पक्का झाला का हे बघायला टाकी टोकरायची नाही, त्या कपात नख रुतवून बघायचं.