पाच वॅट आणि वीस मीटर तार

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कमी शक्तीचा हॅम रेडिओ : बांधणी आणि वापर’. हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेखातर रेडिओवर बोलणारे आपण. बांधणी आधी घेतो, कारण ती माझ्या आवडीची. वापराला वेळ उरला तर उरला.

इथल्या निम्म्या लोकांकडे शंभर वॅटचा जपानी सेट आहे आणि उरलेले निम्मे त्यासाठी पैसे साठवतायत. माझं म्हणणं एवढंच की साठवू नका. क्यूआरपी म्हणजे कमी शक्तीचं प्रसारण: मोर्सला पाच वॅट, बोलायला फार तर दहा. तेवढ्यात भागतं. कसं, ते शेवटी गणितानं दाखवतो.

बिटएक्स, हा घरी बांधायचा सेट, सगळ्यांना माहीत आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी, म्हणजे हॅम कॉलसाइननं व्हीयू टू ईएसई यांनी, वीस एक वर्षांपूर्वी हे सर्किट काढलं. १४ मेगाहर्ट्झ, सहा वॅट, एसएसबी, म्हणजे आवाज पाठवायची एक पद्धत. त्यातलं डोकं असं की मधले अँप्लिफायर दुतर्फा चालतात. ऐकताना फ्रीक्वेन्सी बदलणारा जो मिक्सर आणि नको ते गाळणारा जो दहा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर, बोलतानाही तोच, फक्त उलट्या दिशेनं. निम्मे भाग वाचले. आणि भाग कसले, तर पेठेत मिळणारे साधे एनपीएन ट्रान्झिस्टर. टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायच्या चुंबकीय कड्या, आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून कॉइल गुंडाळायला काय सुचवलं? नळाचा वॉशर!

तो आणायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मालक म्हणाले, “अर्ध्या इंची की पाऊण?” मी खिशातून व्हर्नियर काढला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्हर्नियरकडे. “काका, नळ गळतोय ना?” म्हटलं, नळ ठीक आहे, तार गुंडाळायचीय. त्यांनी गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी आत हाक मारली, “अहो, जरा बाहेर या, हे बघा!” तर सांगायचं असं की नायलॉनचा घ्या. त्याला चुंबकीय गुण काही नाही, त्यामुळे वेढे जास्त लागतात, पण गोल आकारामुळे चुंबकीय क्षेत्र बरंचसं आतच राहतं. पिवळं टी-३७-६ टोरॉइड मिळालं तर उत्तमच. पण ते मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

आता अँटेना. इथे मला सोसायटीबद्दल बोलावं लागेल. (हसताय म्हणजे तुमच्याही सोसायट्या आहेत.) मी गच्चीवर डायपोल बांधला, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस: ‘गच्चीवर अनधिकृत तार आढळली आहे.’ पाठोपाठ पहिल्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार, की ऐन मालिकेच्या वेळी चित्र फुटतं. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी डोकं दुखायला लागलं. आणि तारेचं खालचं टोक कशाला जोडलं होतं? कशालाच नाही! ते पन्हाळीजवळ लोंबकळत होतं. सेट अजून टेबलावर सुटा पडलेला, त्यात ट्रान्झिस्टरसुद्धा बसले नव्हते.

सेक्रेटरी घरी आले. मी लायसन्स दाखवलं. दिल्लीचा कागद म्हटल्यावर ते जरा सावरून बसले. “पॉवर किती?” म्हटलं, साहेब, पाच वॅट. आपल्या जिन्यातला बल्ब नऊ वॅटचा आहे. आणि खरं सांगायचं तर त्या बल्बाच्या आतलं स्वस्त ड्रायव्हर सर्किट माझ्या ७ मेगाहर्ट्झवर रात्रभर खरखर ओतत असतं. त्याची नोटीस मी कुणाला काढू? यावर ते म्हणाले, “मग एवढ्याशा पॉवरनं होणार काय?” शंभर वॅटवाले हॅम मला नेमकं हेच विचारतात, फक्त जरा इंग्रजीत.

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळत सांगतो.

शंभरावरून पाच म्हणजे विसावा भाग, म्हणजे १३ डेसिबल कमी. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर सहा डेसिबलचं. म्हणजे तुम्ही एस-सातनं ऐकू येत असाल, तर मी पाचाच्या जरा खाली. दोन घरं, बस्स! त्यातून मोर्सवर या. बोलण्याचा फिल्टर साधारण २४०० हर्ट्झचा, मोर्सला २५० पुरतो. खरखर दहावा भाग झाली, म्हणजे दहा डेसिबल परत मिळाले. उरले तीन. ते अँटेनातून काढा. चाळीस मीटर बँडवर, म्हणजे त्याच ७ मेगाहर्ट्झवर, दहा मीटर उंचीची तार पाव तरंगलांबीवर असते, ती बरीचशी शक्ती सरळ वर फेकते, म्हणून दिवसा पुण्याहून नागपूर, हैदराबाद छान जमतं. समुद्रापार जायचं तर वीस मीटर बँड, म्हणजे १४ मेगाहर्ट्झ, धरा, तीच उंची तिथे अर्धी तरंगलांबी होते.

दोन सूचना देतो आणि थांबतो. पहिली, लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं नाही, आणि आल्यावरही सुरुवात डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर. २२० ओहमचे दोन वॅटवाले चार रेझिस्टर समांतर जोडा, ५५ ओहम झाले, तेवढं चालतं. मेटल ऑक्साइडचे घ्या, वायरवाउंड नको. दुसरी, आयआरएफ ५१०, म्हणजे शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर. त्याची धातूची पाठ म्हणजेच त्याचं ड्रेन नावाचं टोक, तिथे पूर्ण बारा व्होल्ट असतात. हीटसिंकला लावताना मध्ये अभ्रकाचा तुकडा घाला आणि सप्लाय देण्याआधी मीटरनं तपासा. हीटसिंक डब्याला टेकला आणि अभ्रक राहून गेलं, तर फ्यूज जाईल. फ्यूज लावला असेल तर.