ना ब्लेड, ना टाका

ही पिंपळगावची द्राक्षबाग, खरड छाटणी चाललीय म्हणजे एप्रिलचं ऊन. काकांच्या मनगटाच्या वर तो खपली धरलेला लालसर चट्टा दिसतोय ना, तो दोन वर्षं नायटा म्हणूनच खपला. मेडिकलमधून ट्यूब आणायची, चोळायची, परत बागेत. शेवटी नाशिकला स्किनच्या डॉक्टरांनी बारीकसा तुकडा तपासायला पाठवला आणि निघाला बोवेन्स डिसीज, म्हणजे कातडीच्या अगदी वरच्या थरातच असलेला कॅन्सर.

आता इथून नीट बघा, ह्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात, म्हणजे क्रीम आणि उजेड मिळून केलेला उपचार. आधी खपली हलक्या हाताने खरवडली, मग क्रीम, वरून पट्टी, उजेड लागू नये म्हणून फॉइल, आणि मग तीन तास नुसतं बसायचं, काकांचे दोन चहा झाले त्यात. क्रीम एकटं काही मारत नाही बरं का, बिघडलेल्या पेशी ते ओढून घेतात आणि त्यातून पोर्फिरिन बनवतात, आपल्या रक्ताला लाल रंग देणारं हीम बनताना मधे तयार होतं तेच, आणि शेजारच्या चांगल्या कातडीत ते त्यामानाने कमी साचतं. मग हा लाल दिवा, 630 नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याचा उजेड पोर्फिरिनवर पडला की तिथलाच ऑक्सिजन इतका खवळतो की ती पेशी मरते. दिवा साधारण आठ-दहा मिनिटं. भाजल्यासारखं होतं, म्हणून ते गार पाणी फवारतायत. काकांचा चेहरा बघा.

ही युक्ती काल-परवाची नाही. 1900 च्या सुमारास म्युनिकमधे ऑस्कर राब नावाच्या विद्यार्थ्याला दिसलं की ठराविक रंग घातलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव उजेडात पटापट मरतात. आणि ह्या बावचीच्या बिया, पंचवटीतल्या दुकानातल्या. बावची लावून उन्हात बसायचं हा आपल्याकडचा कोडावरचा जुना उपाय, औषध आणि उजेड जोडीनेच. पण ते कोडाचं झालं, कॅन्सरवर घरी असले प्रयोग नकोत.

जाड गाठीला हा दिवा पुरत नाही, उजेड तेवढा खोल जातच नाही, आणि मेलानोमाला, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरला, तर नाहीच. आपल्याकडे कातडीचा कॅन्सर बऱ्याचदा काळपट असतो, तो रंगच उजेड अडवतो, तिथे ऑपरेशनच बरं.

काकांना दोन दिवस हात झाकून ठेवायचा, आठवड्याने दुसरं सिटिंग, तीन महिन्यांनी तपासणी, आणि परत येऊ शकतो म्हणून पुढेही दाखवत राहायचं.

हा फुल बाह्यांचा शर्ट काकूंनी आणलाय. बाह्या दुमडल्या की त्या बांधावरून ओरडतात.