शिंपल्याच्या खिडकीतला उजेड

मित्रहो, ‘चर्चमधील विवाह आणि जुन्या घरातील स्वागतसमारंभ यांचे छायाचित्रण’ असा विषय मंडळाने जाहीर केला आहे, आणि तो मी पाऊण तासात संपवावा अशी अपेक्षा आहे. पण गोव्यात इतकी वर्षे लग्ने टिपल्यावर मला जे सांगावेसे वाटते ते एका खिडकीत मावते, म्हणून आधी तिथेच जातो.

चांदोरचे ब्रागांझा घराणे राहते ते घर किंवा केप्याचा, चर्चसमोरचा, 1787 सालचा डीनचा (चर्चमधील वरिष्ठ धर्मगुरूचा) वाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशा घरांच्या काळात काच महाग होती, म्हणून चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून खिडक्या करीत. हा शिंपला ऊन अडवत नाही, फक्त त्याची धार काढून घेतो. आपण ज्या सॉफ्टबॉक्ससाठी, म्हणजे दिव्याचा उजेड मऊ करणाऱ्या पेटीसाठी, हप्ते भरतो, तो या घरांच्या भिंतीत दोनशे वर्षांपासून फुकट बसवलेला आहे, आणि तरीही आपले सहकारी तिथे पाऊल टाकताच आधी फ्लॅश चढवतात.

सासष्टीतील एका घरात मे महिन्यात माझ्यावर काय गुदरले ते ऐका. सकाळीच मी साल, म्हणजे घराचा दिवाणखाना, पाहून ठेवली होती: पश्चिमेला चार शिंपल्यांच्या खिडक्या, पाच वाजता चर्चमधील मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपून वधू परत येणार, ती तिसऱ्या खिडकीपाशी उभी राहणार आणि तिच्या पांढऱ्या झग्याच्या जाळीतला धागा न् धागा मला मिळणार. परत येऊन पाहतो तो त्या संपूर्ण भिंतीवर काळे कापड ताणलेले आणि त्यावर गुलाबी-जांभळ्या दिव्यांच्या माळा! सजावटीच्या मुलाला विचारले, तर तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “सर, त्या खिडक्या जुन्या दिसत होत्या.” मी निरुत्तर झालो. घराच्या वृद्ध मालकीणबाई मात्र नव्हत्या झाल्या. “बाबा, त्या माझ्या आजोबांच्या लहानपणीही जुन्याच होत्या,” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने टाचण्या काढायला सुरुवात केली. एका खिडकीपुरते कापड बाजूला झाले, आणि ऊन समोरच्या माडांमागे जाईपर्यंत मला अकरा मिनिटे मिळाली. त्या दिवसाची जी छायाचित्रे त्या कुटुंबाने भिंतीवर लावली, ती सगळी या अकरा मिनिटांतली आहेत.

अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत, तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईने उरकतो. चर्चमध्ये कुठे उभे राहायचे हे पाद्रींना आदल्या दिवशीच विचारावे, वेदीच्या पायऱ्या चढू नयेत, आणि भाकर व द्राक्षारस अर्पण होताना कॅमेरा खाली ठेवावा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्यांनी एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात हे आधी तपासून घ्यावे. पांढरा झगा चौकट भरून असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि पांढऱ्याचे करडे करतो, म्हणून एखादा स्टॉप (उजेडाची एक पायरी) वाढवावा. वराच्या काळ्या सुटाच्या वेळी उलट करावे. सोनेरी वेदीच्या पिवळ्या दिव्यांत आणि दारातून येणाऱ्या निळसर उजेडात व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, कॅमेऱ्यावर सोपवू नये. रोसच्या, म्हणजे वधू-वरांना नारळाचा रस लावण्याच्या, विधीत त्या रसापासून लेन्स सांभाळावी. मी हे एका लेन्सची किंमत मोजून शिकलो आहे. रात्री टोस्ट (पेले उंचावून शुभेच्छा) आणि नाच चालू असताना फ्लॅश लागतोच, हे मलाही मान्य आहे, पण कौलारू छत उंच आणि काळपट लाकडाचे असते. तिकडे फेकलेला उजेड परत येत नाही, म्हणून तो जवळच्या चुना लावलेल्या भिंतीवर टाकावा.

त्या अकरा मिनिटांतले एक छायाचित्र चहाच्या टेबलावर ठेवले आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या कापडाचे टोक दिसते. ते मी मुद्दामच कापलेले नाही.