लष्कर कुणी वाढवलं, महागाई कुणी उतरवली? कार्टर-रेगन वादाचा हिशेब

नमस्कार मंडळी. अमेरिकेत निवडणूक आली की एक भांडण हमखास पेटतं. रिपब्लिकन म्हणतात, आमच्या राष्ट्राध्यक्षाने लष्कर बलाढ्य केलं, अर्थव्यवस्था सावरली. डेमोक्रॅट आपले आकडे पुढे करतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही हा वाद होतो, कारण तिथले कितीतरी जण आता मतदार आहेत. दोन्हीकडचे आकडे बऱ्याचदा खरेच असतात. गफलत होते ती तारखांमध्ये.

सगळ्यात गाजलेली जोडी घेऊया: डेमोक्रॅट जिमी कार्टर (राष्ट्राध्यक्ष १९७७ ते १९८१) दुबळे, त्यांच्यानंतर आलेले रिपब्लिकन रोनाल्ड रेगन (१९८१ ते १९८९) कणखर.

कार्टर यांनी जून १९७७ मध्ये बी-१ बॉम्बरचं उत्पादन रद्द केलं, हे खरं. पण त्याच काळात रडारला सहज न सापडणाऱ्या विमानावर गुपचूप काम सुरू होतं. त्या विमानाचं, म्हणजे एफ-११७ चं, कंत्राट १९७८ चं. ते पहिल्यांदा उडालं जून १९८१ मध्ये, म्हणजे रेगन येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत असं विमान उभं राहत नाही! संरक्षण खर्चही कार्टर यांच्याच काळात वाढू लागला होता. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि त्याला आणखी जोर आला. रेगन यांनी तो प्रचंड वाढवला, बी-१ परत आणलं, आरमार सहाशे जहाजांच्या जवळ नेलं. ते श्रेय त्यांचंच.

आता महागाई. १९८० मध्ये ती साडेतेरा टक्के होती, १९८३ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास आली. रेगन समर्थकांचा हा हुकमी एक्का. पण व्याजदर चढवून महागाईचं कंबरडं मोडलं ते फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख पॉल व्होल्कर यांनी, आणि त्यांना ऑगस्ट १९७९ मध्ये त्या खुर्चीवर बसवलं कार्टर यांनी. त्या कडू औषधाने कार्टर यांची निवडणूक आणखी अवघड केली. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली, तरी रेगन यांनी व्होल्करना हटवलं नाही. उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. माझ्या मते रेगन यांचं अर्थव्यवस्थेतलं सगळ्यात मोठं धैर्य हेच, आणि त्यांचे चाहते नेमकं तेच सांगत नाहीत. विरोधक मात्र सरकारी कर्जाचा आकडा बरोबर काढतात: आठ वर्षांत ते एक ट्रिलियन डॉलरच्या आतून अडीच ट्रिलियनच्या पुढे गेलं.

तारखांचा घोळ होतो कसा? अमेरिकी केंद्र सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो. म्हणजे पहिले आठ महिने तो मुख्यतः आधीच्याच अर्थसंकल्पावर चालतो. युद्धनौकांचं तर विचारूच नका. ‘जेराल्ड फोर्ड’ या विमानवाहू नौकेचं बांधकाम कंत्राट २००८ मध्ये बुश यांच्या काळात झालं, बांधणी बहुतांश ओबामांच्या काळात, आणि २०१७ मध्ये ती ताफ्यात दाखल करताना भाषण ट्रम्प यांचं.

शिवाय तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे असते. २०१३ मध्ये संरक्षण खर्चाला आपोआप कात्री लागली, ती २०११ च्या खर्चकपातीच्या कायद्यामुळे. दोन्ही पक्ष तिचं खापर एकमेकांवर फोडत राहिले. सही ओबामांची होती. पण प्रतिनिधिगृहात बाजूने पडलेल्या २६९ मतांपैकी १७४ रिपब्लिकनांची होती, ९५ डेमोक्रॅटांची.