सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. जमिनीच्या वादात सगळे सातबारा घेऊन धावतात. मी म्हणतो, आधी जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची जुनी नोंद, काढा. पुन्हा सांगतो, जुना फेरफार.

मी कृष्णाकाठी मंडळ अधिकारी होतो, तेव्हाची गोष्ट. तीन भावांचं घर, आजोबांपासूनची कुळाची जमीन, म्हणजे मालकी दुसऱ्याची, कसणारे हे. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनाला, कुळकायद्यानं कुळं मालक ठरली. त्या कायद्याच्या कलम 32 ग खाली या घरानं भरायची जमिनीची किंमत ठरली, हप्ते फिटले, कलम 32 म चं खरेदीचं सर्टिफिकेट मिळालं. पण सातबाऱ्याला नाव एकट्या थोरल्याचं. पुढं थोरल्याचा नातू म्हणाला, जमीन आमचीच. वारस नोंदीला तक्रार आली. सुनावणीला चुलतभाऊ कचेरीपुढच्या लिंबाखाली एकमेकांकडं पाठ करून बसलेले.

तेवढ्यात धाकट्याची लेक, सगळ्यांची आत्या, कवठेमहांकाळहून एसटीनं आली. पंच्याहत्तरी ओलांडलेली. धडप्यात बांधलेल्या पावत्या तिनं टेबलावर सोडल्या. अक्षरओळख नव्हती, पण एका पावतीवर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, ह्या हप्त्याला माझ्या आईच्या पाटल्या मोडल्या."

मी जुना फेरफार मागवला. थोरल्याच्या नावापुढं तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं, जमीन घराची! सातबारा नव्यानं लिहिताना ती अक्षरं गळाली होती. नातू बराच वेळ पावत्या बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं." त्यानं तिथंच संमतीचा जबाब दिला. नावं चढली, आत्याचंही.

आणि बहिणींवरून आठवलं. दिवाळीला साडी-चोळी द्यायची आणि हक्कसोडीवर अंगठा घ्यायचा, ही रीत मला कधीच पटली नाही. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे. तिनं सोडला तर तिच्या मनानं, भावाच्या धाकानं नव्हे.

वेळ संपत आली. घरात कुणी वारलं, की तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसाची वर्दी द्या, लेकीबाळींची नावं घालून. हरकतीला नोटिशीपासून पंधरा दिवस असतात. संमती नसेल तर मालकीचा निवाडा दिवाणी कोर्टात होतो. फेरफारानं मालकी ठरत नाही, पण पुरावा तिथंच सापडतो. तेव्हा सातबाऱ्यावर ज्या फेरफारांचे नंबर आहेत, त्यांच्या नकला मागा. 1957 च्या आधीपासूनच्या मागा, आणि नावापुढची अक्षरं वाचा. नमस्कार.