विल्की, वडीलमंडळ आणि इंदूर

मंडळी, ख्रिश्चन कॉलेजचं नाव निघालं की इंदूरकर थेट तिथं शिकलेल्या किशोरकुमारच्या उधारीवर येतो. कॅन्टीनवाल्याचे राहिलेले पाच रुपये बारा आणे, सगळं आपल्याला तोंडपाठ. ते कॉलेज काढलं कोणी, असं विचारलं तर मात्र आपण डोकं खाजवतो. आज मी त्या माणसाबद्दल बोलणार आहे. रेव्हरंड जॉन विल्की, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक. १८७९ मध्ये ते इंदूरला आले, १८८४ मध्ये हायस्कूल सुरू झालं आणि १८८७ मध्ये कॉलेजचे वर्ग. आपलं होळकर कॉलेज निघालं १८९१ मध्ये. म्हणजे संस्थानाच्या कॉलेजाआधी चार वर्षं.

विल्कींना संत म्हणून तुमच्यासमोर उभं करायचा माझा विचार नाही. माणूस कर्तबगार होता आणि तितकाच भांडखोर होता. या दोन्ही गोष्टी ज्या चर्चमध्ये एकत्र नांदणं फार अवघड, नेमक्या त्याच चर्चचे ते पाळक होते. म्हणून आधी ते चर्च चालतं कसं, हे थोडं सांगतो.

आपल्याकडे गोऱ्या साहेबाचं ते चर्च, एवढ्यावर विषय संपतो. इंदूरचं व्हाइट चर्चही त्यातच आणि मिशनही त्यातच. पण व्हाइट चर्च मुळात अँग्लिकनांचं, म्हणजे बिशप मानणाऱ्यांचं. प्रेस्बिटेरियनांना बिशप नाही. ही स्कॉटलंडची परंपरा. मंडळी, म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद, आपल्यातून वडील निवडते. पाळक आणि हे वडील मिळून मंडळीचा कारभार बघतात. अशा अनेक मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनॉड, आणि सगळ्यांच्या वर जनरल असेंब्ली. पाळक वडिलांच्या सभेचा अध्यक्ष असतो, मालक नसतो. कौलं बदलायची की नाही, दारू पिऊन भांडलेल्या सभासदाला या वेळी प्रभुभोजनाला बसू द्यायचं की नाही, नव्या कुटुंबाचा बाप्तिस्मा करायचा की आणखी थांबायचं, हे सगळं त्या टेबलाभोवती ठरतं आणि इतिवृत्तात उतरतं. ते इतिवृत्ताचं बाडही तपासणीसाठी वरच्या सभेकडे जातं. तिथं कोणी तरी पान न् पान वाचून खाली सही करतो. प्रवचन उत्तम देता येणं ही पाळकाची अर्धी नोकरी. उरलेली अर्धी म्हणजे सभेत बसणं, आणि आपला ठराव पडला तरी पुढच्या सभेला पुन्हा येऊन बसणं. ही दुसरी अर्धी विल्कींना कधीच जमली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅनडाच्या मिशनची माणसं माळव्यात आली १८७७ मध्ये. डग्लस इंदूरला, कॅम्पबेल महूला. त्यांच्याआधीच या चर्चनं दोन अविवाहित स्त्रिया, मिस फेअरवेदर आणि मिस रॉजर, हिंदुस्थानात पाठवल्या होत्या, त्याही मग इंदूरला आल्या. गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर. शहरात रस्त्यावर उभं राहून प्रचार करायला दरबाराची मनाई होती. छावणीचा भाग ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत, तिथं बोलायला मोकळीक. पण रेसिडेन्सी तरी पाठीशी होती का? तिथं ब्रिटिश सरकारचे एजंट लेपेल ग्रिफिन बसले होते आणि त्यांना हे मिशनरी म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. गोरा पाद्री आणि गोरा साहेब एकच, असं आपण सरसकट धरून चालतो. इंदूरचा इतिहास ते धरू देत नाही.

अशा वेळी शाळा हा मार्ग उरतो. ही कल्पना काही विल्कींची नव्हे. कलकत्त्याला अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये इंग्रजी शिक्षण आणि बायबल एकाच छपराखाली आणलं. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते जॉन विल्सन त्याच परंपरेतले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉपही. तिघेही स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पाळक. हिस्लॉप तर विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचे. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. मराठी माणसाच्या तीन पिढ्या या पाळकांच्या कॉलेजांतून पदव्या घेऊन बाहेर पडल्या, आणि पदवी घेताना बायबलचा तास निमूटपणे बसून काढला. आपल्या बाबा पदमनजींचं नाव मराठीच्या विद्यार्थ्याला 'यमुनापर्यटन'मुळे ठाऊक असतं. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियनांतल्याच एका शाखेचे, दीक्षित पाळक होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

तर इंदूरचं कॉलेज. कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न. पैसा उभा करायला विल्की कॅनडात जाऊन गावोगाव बोलले आणि इमारतीपुरता निधी घेऊन आले. हे त्यांचं खरं बळ. एकदा मनावर घेतलं की समितीच्या होकाराची वाट बघत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण मिशनमधल्या सहकाऱ्यांचा प्रश्नही रास्त होता. कॉलेजात बसून बी. ए.च्या मुलांना शिकवायचं, ती मुलं नोकरीला लागायची आणि बाप्तिस्मा जवळजवळ कोणीच घ्यायचा नाही. मग तोच पैसा, तोच माणूस खेड्यापाड्यांत का नको? हा वाद देशभरच्या मिशनांत होता. इंदूरला तो माणसामाणसांतला झाला.

त्यात स्त्रियांचा प्रश्न आला. डॉक्टर एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये, डॉक्टर मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये इंदूरला आल्या. पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, त्यामुळे ज्या घरांची दारं पाळकाला बंद ती या दोघींना उघडी. १८९१ मध्ये त्यांचं स्त्रियांचं रुग्णालय उभं राहिलं. कॅनडात त्यांच्यामागे बायकांची स्वतंत्र संस्था, स्वतंत्र निधी. मग मिशनच्या सभेत त्यांना मत किती आणि त्यांच्या कामावर हुकूम कोणाचा? पाळकांना वाटे आमचा. बायकांना ते मान्य नव्हतं, आणि त्या काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. या भांडणात विल्की पुढे होते आणि माझ्या मते चुकीच्या बाजूला होते. भांडणाचे कागद थेट टोरंटोपर्यंत गेले.

आणि तरी त्याच विल्कींचं आणखी एक काम आहे, ज्याबद्दल मराठी माणूस बोलायला कचरतो. १८९० नंतरच्या दशकात इंदुरातल्या मांग वस्तीत मिशनचा राबता सुरू झाला. ही दक्षिणेतून आलेली, आपलीच भाषा बोलणारी माणसं. शहराच्या कडेला राहणारी, वाजंत्री आणि दोर वळण्याचं काम करणारी. होळकरांबरोबर सरदार आले, कारकून आले, भटजी आले, तसे हेही आले. आपल्या इंदूरच्या मराठी इतिहासात वाडे आहेत, गणपती आहेत, नाटकमंडळ्या आहेत. ही वस्ती कुठं आहे? कॉलेजातल्या मुलांनी विल्कींचं इंग्रजी घेतलं आणि धर्म परत केला. इथं उलट झालं. इथल्या लोकांनी बाप्तिस्मा मागितला. अर्थात मागितला म्हणजे लगेच मिळाला असं नाही. पोटासाठी येताहेत की श्रद्धेनं, यावर मिशनमध्ये पुन्हा खल. मला हा प्रश्नच जरा उद्धट वाटतो. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याच्या मनातली भूक आणि श्रद्धा कोणत्या तराजूत वेगळी करून तोलायची?

छप्पनच्या दुष्काळाचं फार सांगत नाही. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. माळव्यात सहसा दुष्काळ पडत नाही ही आपली फुशारकी त्या वर्षी जिरली. अनाथ पोरं मिशननं घेतली; महूजवळ रसलपुऱ्याला मुलांना सुतारकाम, शेतीकाम शिकवायची सोय झाली.

विल्की आणि मिशन यांचं जमेना ते जमेचना. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना इंदूर सोडावं लागलं. दुसरा कोणी असता तर कॅनडात एखाद्या थंड गावात मंडळी सांभाळत म्हातारा झाला असता. हे गृहस्थ परत आले, आणि आपल्या समर्थकांच्या पैशावर झाशीला नवं मिशन मांडून बसले. नाव ग्वाल्हेर मिशन, ठाणं झाशीत. पुढं त्यांच्याच चर्चला ते मिशन पदरात घ्यावं लागलं. म्हणजे ज्यांनी दारातून बाहेर काढलं, त्यांनीच खिडकीतून आत घेतलं.

त्यानंतरची गंमत ऐका. १९२५ मध्ये कॅनडात मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मिळून युनायटेड चर्च झालं. काही प्रेस्बिटेरियन वेगळेच राहिले. परदेशातल्या मिशनांची वाटणी झाली. इंदूर गेलं युनायटेड चर्चकडे. झाशी, आणि अलिराजपूरकडचं भिल्लांमधलं काम, राहिलं जुन्या प्रेस्बिटेरियनांकडे. विल्कींनी उभ्या केलेल्या दोन घरांवर दोन वेगळ्या पाट्या लागल्या. १९७० मध्ये नागपूरला अँग्लिकनांसह अनेक पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. इंदूरच्या मंडळ्या त्यात गेल्या, आणि ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून तीनशे वर्षं डोकी फोडून घेतली त्यांना बिशप मिळाला. मंडळीचे वडील आणि त्यांच्या सभा मात्र आहेतच, आणि त्यांच्यात भांडणंही होतात, असं तिथली मंडळीच मला हसत सांगतात.

आता प्रश्न असतील तर घेऊ. उधारीचा सोडून.